टोपल्याखालचा डाव

आमच्या घराची जमीन दर आठवड्याला सारवली जायची, पण सगळी नाही. उतरंडीच्या अलीकडे, खांबाला लागून एक चौकोन तसाच सोडलेला असे. मोठी याडी सारवत सारवत तिथवर यायची, हात आखडता घ्यायची आणि त्या चौकोनाच्या कडेकडेनं शेणाचा हात फिरवून पुढं सरकायची. वर्षानुवर्षं सारवण चढून भोवतालची जमीन उंच झाली होती आणि तो तुकडा उथळ ताटासारखा खाली राहिला होता. त्याच्यावर बांबूचं टोपलं पालथं घातलेलं असे. नवीन आलेला पाहुणा त्यावर बसू बघायचा, तेव्हा घरातले सगळे एकदम ओरडायचे.

टोपल्याखाली बुद्धिबळाचा डाव होता. चुन्यानं आखलेला पट, काळी-पांढरी घरं नाहीत, नुसत्या रेघा. मोठ्या याडीची प्यादी म्हणजे कवड्या, मोठबांची चिंचोके. हत्ती-उंट-घोडे बाभळीच्या लाकडाचे, मोठबांनी कोयत्यानं तासलेले. आणि मोठबांचा राजा म्हणजे एक पितळी घुंगरू. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. त्या लदेणीतल्या कुठल्याशा बैलाच्या गळ्यातलं ते शेवटचं घुंगरू आमच्या घरी उरलं होतं. मोठबा म्हणायचे, "आपला राजा वाजला पाह्यजे. गुपचूप पळणारा राजा काय कामाचा?"

मोठबा म्हणजे माझ्या बाचे थोरले भाऊ, मोठी याडी, म्हणजे मोठी आई, त्यांची बायको. त्यांना मूल नव्हतं, म्हणून मी त्यांची. घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलायचो, पण ती इथं लिहिली तर निम्म्या वाचकांना कळणार नाही, म्हणून सगळ्यांच्या तोंडी मी आमच्या भागातली वऱ्हाडी घालते आहे. महागावच्या बाजारात आम्ही तीच बोलायचो. मोठबांचा चेहरा मला आठवत नाही. फुंकर तेवढी आठवते. सोंगटी ठेवायच्या आधी ते त्या घरावर हलकीशी फुंकर मारायचे. मातीचा पट, सारखी धूळ बसायची, म्हणून ती सवय. मी समोर मोठ्या याडीच्या मांडीवर असायची आणि ती फुंकर माझ्या कपाळावरून जायची.

एका कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या गिरणीला, जिनिंगला, निघालेला ट्रक आमच्या तांड्याच्या तोंडाशी उभा राहिला. हमाल कमी होते, म्हणून त्यांनी मोठबांना हाक मारली. दोघं नवरा-बायको डाव मांडून बसले होते. मोठ्या याडीनं त्यांचा राजा कोंडला होता आणि मोठबा विचारात पडले होते. हॉर्न वाजला. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "पाळी माही हाय. हात लावू नोको. सुचलं का येतो."

ते आले नाहीत. बा यवतमाळला, वणीला, पार हिंगणघाटपर्यंत जाऊन आला. ट्रकवाला एवढंच म्हणाला की यवतमाळात चहाला उतरले, ते परत चढलेच नाहीत. आजच्यासारखे खिशात फोन नव्हते. माणूस हरवला की हरवला.

भर दुपारी आमच्याकडे माणूस काय, कुत्रंसुद्धा हलत नाही. पळसाची पानंही लटकलेली असतात. अशा दुपारी घरात मी नि मोठी याडी दोघीच. ती चुलीजवळ बसून माझ्यासाठी बाटी थापत असायची. बाटी म्हणजे आमच्याकडची ज्वारीची भाकर. सोबत लसणाचा ठेचा. बाटी फिरवतानाचा तिच्या चुड्याचा आवाज घरभर भरून राहायचा, आणि मधेच तो थांबायचा. ती हात तसाच हवेत धरून ऐकत राहायची. टोपल्याखाली घुंगरू वाजलेलं असायचं. एकदाच, अगदी बारीक, कुणी झोपेत कूस बदलावी तसं.

"मोठी याडी, उंदीर असंन," मी म्हणायची.

"असंन," ती म्हणायची आणि बाटी तव्यावर टाकायची. मग हात धुऊन, पदर सारखा करून टोपलं उचलायची. आत सगळं जागच्या जागी. ती डावाकडे बघायची आणि टोपलं परत ठेवायची.

मी शिकलेली बाई आहे. तांड्यातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मीच. हे मी फार वेळा सांगते असं माझा मुलगा म्हणतो. सांगणारच. त्यामुळे हेही सांगते की उंदराची लेंडी मी त्या टोपल्याखाली कधीही पाहिली नाही.

खेळ मला मोठ्या याडीनं शिकवला, अंगणात कोळशानं दुसरा पट आखून. आमचा खेळ जुन्या चालीचा होता. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालायचं. किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीची एका चालीतली अदलाबदल, नव्हता, पण राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. अट एकच, तोवर त्याला शह लागलेला नसावा. आणि डावाची सुरुवात आमच्या घरची, मोठबांची. तिला आम्ही गोण्यांचा कोट म्हणायचो. लदेणी मुक्कामाला थांबली की धान्याच्या गोण्या गोल रचून भिंत करायचे आणि बायका-पोरं आत ठेवायचे, तशी ती मांडणी. आधी दोन्ही कडांची प्यादी एकेक घर पुढं, मग त्यांच्या आतली, त्यांच्या मागं घोडे नि उंट, आणि मधोमध राजा. बाहेरून कुणाला शिरता येत नाही. दोष एकच. भिंत पक्की झाली की राजाला आतून बाहेर पडायलाही वाट राहत नाही.

कॉलेजात काळे सर भेटले. यवतमाळचे, वकिलाच्या घरातले, पँटला कडक इस्त्री. कॉमन रूममध्ये मी मुलांना हरवताना त्यांनी पाहिलं आणि दारातच कपाळाला हात लावला.

"शेवंता, हे काय करून राहिलीस?"

"राजाची उडी, सर."

"राजा म्हणजे माकड आहे का उड्या मारायला? आणि ही कडेची प्यादी कशाला हलवतेस? शत्रू मधून येतो की कुंपणावरून?"

सरांनी मला नवे नियम शिकवले. मधली प्यादी दोन घरं पुढं, घोडे बाहेर, मग किल्लेकोट, आणि हात लावलेली सोंगटी हलवलीच पाहिजे. उडी मारली की ते पट्टीनं बोटांवर टपली मारायचे. वर्षभरात माझ्या बोटांनी उडी सोडली. मी नवं शिकले याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे. सुट्टीत घरी गेले तेव्हा टोपलं उचलून मी त्या डावाकडे शहाण्यासारखी पाहिलं आणि मोठ्या याडीला म्हणाले, "मोठबा हरले. कुठून सुटत नाहीत. राजा आपल्याच प्याद्यांत अडकला."

 "तुले नाही दिसत?" ती म्हणाली, आणि टोपलं ठेवून दिलं.

त्या वर्षी तांड्यात लागोपाठ गुरं मेली. कुणाच्या तरी तोंडून निघालं की आम्हा राठोडांच्या घरात भर दुपारी घुंगरू वाजते, ते बरं नाही. बायका आमच्या दारावरून जाताना पोरांना पदराखाली घ्यायला लागल्या. शेवटी नायक आमच्या अंगणात येऊन बसला. तांड्याचा प्रमुख, पांढऱ्या मिशा, आवाज मोठा पण मनानं वाईट नव्हता.

"वहिनी," तो मोठ्या याडीला म्हणाला, "माणूस जाऊन किती काळ झाला. त्याचं क्रियाकर्म नाही, अन् तुह्या हातात अजून चुडा. लग्नाकार्यात तुले बोलवावं का नाही, बायाईले समजत नाही. जित्या माणसाची का मेल्या माणसाची बायको तू?"

"ज्याची पाळी हाय त्याची," मोठी याडी म्हणाली.

"अवं, खेळ व्हय तो!"

"व्हय. मंग खेळाचाच नियम हाय ना. पाळी असल्यावर माणूस उठून जात नाही."

बा मान खाली घालून बसला होता. नायकानं तंबाखू मळली, थुंकला आणि निवाडा दिला. होळीच्या आत मोठ्या याडीनं चुडा उतरवायचा, केसांतली घुगरी, सवाष्णीचा दागिना, काढायची आणि टोपल्याखालची जमीन खणून टाकायची. नाही केलं तर होळीच्या दिवशी तांडा येऊन करेल. आमच्यात सवाष्णीच्या दंडापर्यंत पांढरा चुडा असतो. तो एकदा उतरला की परत चढत नाही. नायक गेल्यावर मोठी याडी उठली आणि चुलीतली राख काढू लागली.  चुडा वाजू नये म्हणून एका हातानं दुसरा दंड धरून ती काम करत होती. ते मी पाहिलं.

होळी तोंडावर असताना यवतमाळात हौशी खेळाडूंची जिल्हा स्पर्धा होती. माझा जायचा जीव नव्हता. मोठी याडीच म्हणाली, "जाय. येथं बसून तू का होळी मागं ढकलणार हायेस?" मी नि काळे सर एस.टी.नं निघालो. आर्णी सोडल्यावर दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता. सर खिडकीशी बसून मला सुरुवातीच्या चाली घोकायला लावत होते आणि मी डोळे मिटून टोपलं बघत होते.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. पंखे कुरकुरत होते, घड्याळांची टिकटिक चालू होती. मी जिंकत गेले. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर वसुधा नावाची मुलगी बसली. माझ्याच वयाची, यवतमाळचीच, दोन वेण्या, वडील सरकारी कचेरीत मोठ्या जागेवर. पांढऱ्या सोंगट्या तिच्या. पंचांनी घड्याळ चालू केलं. तिनं कडेचं प्यादं उचललं, समोरच्या घरावर हलकीशी फुंकर मारली आणि एकच घर पुढं ठेवलं.

प्लायवूडचा चकचकीत पट, त्यावर धुळीचा कण नव्हता.

मी मधलं प्यादं दोन घरं टाकलं. सर शिकवतात तसंच. तिनं दुसऱ्या कडेचं प्यादं घेतलं. फुंकर. एक घर. मग त्यांच्या आतली. एकेक गोणी रचली जात होती. हॉलमध्ये उकडत होतं. प्रत्येक फुंकर पटावरून येऊन माझ्या कपाळाला लागत होती. मी वर पाहिलं. ती मुलगी पटाकडे बघत होती, अगदी साधी, घाबरलेली, ओठ चावणारी मुलगी. तिच्यात दुसरं काही नव्हतं. मला मात्र वाटत होतं की मी आमच्या घरात खांबापाशी बसले आहे, मोठ्या याडीच्या जागेवर, आणि पलीकडे त्यांची पाळी आहे.

घरचा कोट कुठं फोडायचा ते मला माहीत असणारच. वजीर नि उंट लावून मी तिच्या राजाला त्याच्याच भिंतीत कोंडलं. शह अजून दिला नव्हता, पण पुढच्या चालीत मात होती. टोपल्याखाली वर्षानुवर्षं होती तीच कोंडी. वसुधाची पाळी. ती बसून राहिली. घड्याळ चालू होतं. इतरांचे डाव संपले, लोक भोवती येऊन उभे राहिले. मग तिचा हात उठला. तिनं राजा उचलला, फुंकर मारली, आणि प्याद्यांच्या भिंतीवरून घोड्यासारखी उडी मारून त्याला बाहेर ठेवला.

भोवती हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "अरे, घोडा समजली का राजाले!" पंच धावत आले. चाल नियमबाह्य, राजा परत जागेवर, पण हात लावला म्हणजे राजाच हलवायला हवा. त्याला एकच घर मोकळं होतं, आणि तिथं मात होती. मी जिंकले. जिल्ह्यात पहिली आले. ते सांगायला मी लाजत नाही. पण टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी तिच्या राजाकडेच बघत होते.

मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी मी तिला गाठलं. ती तोंडावर पाणी मारत होती.

"ती उडी तुले कोणं शिकवली?"

"हसायला आलीस का?"

"नाही. माही शपथ. आमच्या घरी असंच खेळतात. हे कडेच्या प्याद्यांचं, फुंकर मारायचं, अन् उडी. आमच्याच घरी. दुसरीकडं नाही."

 ती टाकीच्या कडेवर बसली. तिच्या घरामागं जिनिंग होती. तिथं एक म्हातारा चौकीदार होता. सगळे त्याला बाबाजी म्हणत. गाव विचारलं की हसायचा, नाव विचारलं की म्हणायचा, राजाला काय नाव असतं? एकदा ट्रकमधून पडून डोक्याला लागलं होतं, असं हमाल सांगत; हे त्या ट्रकवाल्यानं बाला सांगितलं नव्हतं. लहानपणी शाळेतून आली की ती त्याच्यापाशी जाऊन खेळायची. तो विटकरीच्या तुकड्यानं फरशीवर पट आखायचा. सोंगट्या लावून झाल्या की दर वेळी एकच बोलायचा, "आपला राजा वाजते. हा कायले नाही वाजत?"

मी तिच्या शेजारी बसले.

"मग माझ्या बाबांनी मला खरे नियम शिकवले," वसुधा म्हणाली. "मी बाबाजीला सांगितलं, उडी चालत नाही. तो म्हणाला, बरं, नाही त नाही. मग त्यानंही सोडली. पण मधेच खेळताना थांबायचा. म्हणायचा, माझा डाव घरी मांडलेला आहे, माझी पाळी आहे. मी विचारायची, मग जात का नाहीस? तर म्हणायचा, चाल सुचली नाही, रिकाम्या हातानं कसा जाऊ? मी रोज विचारायची, सुचली का? रोज नाही म्हणायचा."

"अन् आता?"

"दिवाळीत गेला. खाटेवरच. हमालांनीच सगळं केलं." तिनं तोंड पुसलं. "खरं सांगू? मला नियम पाठ आहेत. इतक्या वर्षांत मी कधी उडी मारली नाही. आजही मनात नव्हती. मी डाव सोडणार होते. हात आपोआप गेला. मी नाही हलवला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी निघाले. ट्रॉफी सरांकडेच ठेवली. वाटभर मी शब्द जुळवत होते. बाईला तिच्या नवऱ्याचं मरण कसं सांगायचं, तेही परक्या मुलीच्या तोंडून ऐकलेलं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? फाट्यापासून चालत आले तेव्हा भर दुपार झाली होती. तांडा निपचित पडला होता. दार उघडं होतं.

मोठी याडी खांबाला टेकून बसली होती, टोपल्यासमोर. तिचा चुडा उतरवलेला होता. तेलाची वाटी शेजारी, आणि पांढऱ्या बांगड्या पदरात गोळा केलेल्या. उघडे दंड एवढे गोरे असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

"नायक आला होता?" मी विचारलं.

"नाही. म्याच काढला."

"मोठी याडी, मले तुले काही सांगायचं हाय…"

"बस आधी," ती म्हणाली. "काल दुपारी वाजलं. रोजच्यासारखं नाही. चांगलं वाजलं, चालल्यासारखं." तिनं टोपलं उचललं.

घुंगरू कोटाच्या बाहेर होतं. चिंचोक्यांच्या भिंतीपलीकडं, घोड्याची उडी बरोबर बसेल त्या घरात, मधोमध. गोल वस्तू आहे, घरंगळू शकते. मी वाकून पाहिलं. मधल्या एकाही चिंचोक्याला धक्का लागला नव्हता. धुळीवर रेघ नव्हती. फक्त त्या एका घरातली धूळ साफ होती, फुंकर मारल्यासारखी.

मी सगळं सांगितलं. हॉल, वसुधा, चौकीदार, दिवाळी. ती ऐकत होती. रडली नाही. शेवटी मी म्हणाले, "एवढी सोपी चाल त्याईले सुचली नाही. मलेही दिसली नाही."

"मले पहिल्या दिवसापासून दिसत होती," मोठी याडी म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? पाळी त्याईची. मी कशी सांगू?"

बाहेर एक कावळा ओरडला आणि गप्प झाला. मोठ्या याडीनं टोपलं हळूच पालथं घातलं. मला वाटलं होतं, आता ती चौकोन सारवायला घेईल. तिनं शेणाच्या टोपलीकडे पाहिलंही नाही.

"आता पाळी माही हाय," ती म्हणाली. "अन् मले घाई नाही."

होळीला तांडा आला नाही. उघडे दंड पाहून नायकाचं समाधान झालं असावं. टोपल्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि त्यानंतर घुंगरूही कधी वाजलं नाही. मी बी.ए. झाले, नोकरी केली, आता निवृत्त होऊन यवतमाळात राहते. नातू फोनवर मशीनशी बुद्धिबळ खेळतो आणि मलाही खेळवतो. गोण्यांचा कोट लावला की ते मशीन मला चुटकीसरशी हरवतं. ती जिनिंग पाडून तिथं मंगल कार्यालय झालं आहे. एकदा लग्नाला गेले होते. पंगतीत बसले आणि न जेवता उठले.

मोठी याडी फार वर्षं जगली. गेली ती अशाच एका दुपारी, झोपेत, हात टोपल्याच्या दिशेनं लांबवलेला. तिला नेल्यावर मी एकटी घरात आले आणि टोपलं उचललं. तिनं चाल केली होती. कधी केली, कुणी पाहिलं नाही. मी बराच वेळ बघत बसले, कारण ती चाल मला कळेना. अख्ख्या तांड्याला हरवणाऱ्या बाईनं आपला वजीर नेऊन अशा घरात ठेवला होता की तिच्याच राजावरची वाट उघडी पडत होती. नवशिक्याला दिसावी अशी हरायची चाल.

पुढं घराला सिमेंट नि फरशी झाली, तेव्हा मी स्वतः उभी राहून तेवढा चौकोन सोडायला लावला. पण त्या दुपारी मी एवढंच केलं की पटावर साचलेल्या धुळीला फुंकर मारली नाही, काही हलवलं नाही, आणि टोपलं होतं तसं पालथं घातलं. पाळी त्यांची होती.